जुन्या गाडीचा ऑइल फिल्टर: "बसतोय ना" एवढ्यावर घेऊ नका

पुस्तिकेत छापलेल्या नंबरचा फिल्टर आता निघत नाही. मग प्रत्येक काउंटरवर तोच प्रकार. नवा फिल्टर जुन्याच्या शेजारी उभा करायचा, दोघांची रबरी रिंग सारखी दिसते हे दाखवायचं आणि म्हणायचं, "बसतोय ना? मग चालतो." असं तीनदा ऐकलं आणि तिन्ही फिल्टर परत केले. चीड अजून गेलेली नाही, कारण त्यातला एक खरोखरच बसत होता आणि सगळ्यात धोक्याचा तोच होता.

ऑइलचं आधी सांगून मोकळा होतो, ते दहा मिनिटांत ठरलं. इंजिन १९८०च्या दशकातलं, पुस्तिकेत २०डब्ल्यू-५० (हा ऑइलच्या जाडीचा ग्रेड) आणि एपीआय एसएफ (हा ऑइलचा दर्जा). आजच्या डब्यांवर एसएन, एसपी असे दर्जे असतात आणि ते मागच्या दर्जांच्या जागी चालतात, पण अशा इंजिनात कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, विचार करावा लागतो. कॅमचा लोब (दांड्यावरचा उंचवटा) सपाट टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हकडे दाब पोचवणाऱ्या तुकड्यावर, घासत फिरतो, मध्ये रोलर नसतो. तिथला धातू वाचवतं ते झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरस असलेलं रसायन. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग, निकामी होतो, म्हणून २००४ साली आलेल्या एसएम दर्जापासून ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के केली. १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या जाड ग्रेडना ती लागू नाही. म्हणून साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घेतलं आणि डब्यावर 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलेलं नाही ना, एवढं पाहिलं, कारण तसं लिहिलेल्या ऑइलला फॉस्फरसची ती मर्यादा लागते.

"नवं ऑइल पातळच चांगलं" या सल्ल्याला भुलू नका. १०० अंश सेल्सिअसला ५० ग्रेडची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. झिजलेल्या बेअरिंगमधून पातळ ऑइल भराभर निसटतं, आणि इंजिन तापल्यावर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो.

आता फिल्टर. रिंग जुळली, डब्याची उंची जुळली, तरी आटे जुळले असं होत नाही. फिल्टर इंजिनच्या ब्लॉकवरच्या ज्या स्टडवर (आटे पाडलेल्या खुंटीवर) चढतो त्याचे दोन आटे फार प्रचलित आहेत: ३/४ इंच, इंचाला १६ आट्यांचा यूएनएफ (इंची मापाचा बारीक आटा), आणि एम२०, दीड मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेला. पहिल्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर, दुसऱ्याचा २०. पिचही जवळजवळ सारखा, १.५९ आणि १.५०. एम२० स्टडवर ३/४चा फिल्टर चढतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. पण ३/४च्या स्टडवर एम२०चा फिल्टर चढतो, फिरतो, रिंग टेकल्यावर घट्टही वाटतो. प्रत्यक्षात आट्यांची फक्त टोकं एकमेकांत अडकलेली असतात.

याचा परिणाम हिशेबाने बघा. रिंगचा व्यास साधारण ६५ मिलिमीटर धरला तर आतलं क्षेत्रफळ ३३ चौरस सेंटिमीटर होतं. थंड इंजिन सुरू केल्यावर ऑइलचं प्रेशर सहज ५ बारपर्यंत जातं. म्हणजे फिल्टरला ब्लॉकपासून दूर ढकलणारा जोर दीडशे किलोच्या वर, आणि तो पेलायचा आट्यांच्या त्या टोकांनी. ते सुटले की मिनिटाच्या आत चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) रिकामं होतं आणि बेअरिंग कोरडी फिरतात.

ओळखायला व्हर्नियर (बारीक माप घेणारी मोजपट्टी) पुरे. जुना फिल्टर काढला की स्टड पुसून बाहेरचा व्यास मोजा. १८.९ ते १९च्या आसपास आला तर ३/४, १९.८ च्या आसपास आला तर एम२०. व्हर्नियर नसेल तर हाताने पारख करता येते: फिल्टर दोन आटे चढवा आणि रिंग टेकायच्या आधी डावी-उजवीकडे हलवा. योग्य फिल्टर जेमतेम हलतो, चुकीचा खुळखुळ्यासारखा डुलतो. परत केलेल्या तिसऱ्या फिल्टरचं तेच झालं होतं.

आटे जुळले की आतल्या दोन झडपा राहतात. तोंडाच्या कडेच्या छोट्या भोकांतून ऑइल आत येतं आणि मधल्या मोठ्या भोकातून बाहेर जातं. छोट्या भोकांच्या आत रबराचा पडदा असतो. इंजिन बंद झाल्यावर तो ऑइल परत चेंबरमध्ये उतरू देत नाही. पेन्सिलीच्या टोकाने हलकेच दाबून बघा, मऊसर दबून परत बसायला हवा. काळा पडदा साधारणपणे नायट्राइल रबराचा, केशरी किंवा लाल सिलिकॉनचा. सिलिकॉन उष्णतेत लवकर कडक होत नाही, म्हणून आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरला तोच घ्यावा. रोज सकाळी सुरू करताना काही सेकंद टॅपेटचा खडखडाट होत असेल तर आधी या पडद्यावर संशय घ्या.

दुसरी झडप बायपासची. फिल्टर तुंबला किंवा ऑइल थंडीने घट्ट झालं तर ती उघडते आणि न गाळलेलं का होईना, ऑइल बेअरिंगला पोचतं. काही इंजिनांत ही झडप ब्लॉकमध्येच असते, मग फिल्टरमध्ये नसली तरी चालतं. तुमच्या ब्लॉकमध्ये नसेल तर मात्र फिल्टरमध्ये असलीच पाहिजे. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून कॅटलॉगचं पान उघडून आटे, रिंगचे दोन्ही व्यास आणि बायपासचं प्रेशर या तिन्ही नोंदी वाचूनच चौथा फिल्टर घेतला. काउंटरवरच्या माणसाला घाई होती, पण पान वाचून होईपर्यंत मी हललो नाही आणि ते बरंच झालं.

बसवताना जुनी रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. रिंगवर रिंग बसली तर पहिल्याच स्टार्टला ऑइल बाहेर येतं. नव्या रिंगला ऑइलचा हात लावा, रिंग टेकल्यापासून हाताने पाऊण फेरा पिळा. पान्याने आवळू नका. फिल्टर तोंड वर करून बसणारा असेल तर चढवण्याआधी ऑइलने भरून घ्या.

पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन दोन मिनिटं चालवा, पाच मिनिटं थांबून डिपस्टिक बघा, मग बाकीचं. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो.

आणि हो, जुना फिल्टर फेकण्याआधी फिल्टर कटरने उघडून आतला कागद पसरून बघा. करवत वापरली तर तिचाच कीस कागदात मिसळतो. लोहचुंबकाला चिकटतो तो लोखंडाचा कण, म्हणजे बहुधा कॅम किंवा टॅपेटचा. न चिकटणारी चमचमती पूड दिसली तर बेअरिंग तपासून घ्या. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा टाका.