तुम्ही विचारलंत म्हणून: आन्द्रेइआ

मला थोडंफार प्राचीन ग्रीक येतं हे कळलं की लोक हमखास दोन गोष्टी मागतात. बंगल्यासाठी नाव, नाहीतर ‘धैर्य’ला ग्रीक शब्द. बंगल्याच्या भानगडीत मी पडत नाही. दुसऱ्याचं उत्तर आजवर एका शब्दात देत आले: आन्द्रेइआ. गेल्या महिन्यात भाचीला तो मनगटावर गोंदवून घ्यायचा होता. ग्रीकमध्ये सात अक्षरं, आरामात मावतात. कागदावर लिहून दिला, वर हौसेने फोडही सांगितली. तिने कागद माझ्याकडे परत सरकवला. “मावशी, म्हणजे मी हातावर ‘मर्दानगी’ लिहून फिरू?”

तिचं चूक नव्हतं. ‘आनेर’ म्हणजे पुरुष, त्याची षष्ठी ‘आन्द्रोस’, त्यावरून आन्द्रेइआ. आपला ‘नर’ या आनेरच्याच भावकीतला. वेदांतलं ‘नृम्ण’, म्हणजे पौरुष, हिंमत, तेही त्याच घरचं. आणि हसायचं कुणाला? मर्दुमकी गाजवणारे आपणही आहोतच.

पण शब्द जन्मला तिथेच राहिला नाही. इतिहासकार हेरोडोटस हा हालिकार्नास या ग्रीक शहराचा. त्याच्याच गावची राणी आर्तेमिसिया इसवी सनपूर्व 480 मध्ये इराणी सम्राट झर्क्सिसच्या बाजूने ग्रीसवर चालून गेली. नवरा वारलेला, मुलगा हाताशी आलेला, तिच्यावर कसलीच सक्ती नव्हती. मग ती का गेली? हेरोडोटस कारण देतो: जिगर आणि आन्द्रेइआ. बाईसाठी हाच शब्द! अथेन्सजवळच्या सलामिस बेटापाशी समुद्रात लढू नका, असं झर्क्सिसला सांगणारीही तीच. त्याने ऐकलं नाही. ऐन लढाईत शत्रूचं जहाज पाठीशी लागलं, तेव्हा तिने वाटेत आडवं आलेलं स्वतःच्याच पक्षाचं जहाज धडक देऊन बुडवलं आणि निसटली. लांबून पाहणाऱ्या झर्क्सिसला वाटलं, तिने शत्रूचं बुडवलं. माझे पुरुष बायका झाले आणि बायका पुरुष, असं तो म्हणाल्याची कथा आहे.

आता, पळून जाणं ही आन्द्रेइआ का? प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात हाच घोळ आहे. दोन बाप मुलांच्या शिक्षणाबद्दल सल्ला मागायला येतात आणि गाडी येते आन्द्रेइआ म्हणजे काय यावर. लाखेस हा अथेन्सचा सेनापती. त्याला प्रश्न अगदीच सोपा वाटतो: फळीतली जागा न सोडता शत्रूशी लढतो, तो धैर्यवान. सॉक्रेटिस विचारतो, मग मागे हटता हटता लढणाऱ्या शक लोकांचं काय? गंमत म्हणजे इसवी सनपूर्व 424 मध्ये देलिऑनहून अथेन्सची फौज हरून पळाली, तेव्हा लाखेस आणि सॉक्रेटिस बरोबर होते. त्या माघारीत सॉक्रेटिस कसा वागला याचं कौतुक लाखेसनेच थोड्या वेळापूर्वी केलेलं असतं. स्वतः पाहिलेलं व्याख्येत बसवायला मात्र तो विसरतो.

दुसरा सेनापती निकियस. तो म्हणतो, कशाला भ्यायचं आणि कशाला नाही हे कळणं म्हणजे आन्द्रेइआ. मला ही व्याख्या आवडायची. पण हाच निकियस इसवी सनपूर्व 413 मध्ये सिसिलीतल्या सिरॅक्यूजहून अथेन्सची फौज काढून न्यायला निघाला आणि त्याच रात्री चंद्रग्रहण लागलं. ज्योतिषांनी सांगितलं, तीन नवे सत्तावीस दिवस थांबा. तो थांबला. त्या दिवसांत आरमार बुडालं, फौज गारद झाली, तोही मारला गेला. प्लेटोने संवाद लिहिला तेव्हा वाचणाऱ्यांना हे सगळं ठाऊक होतं, आणि तरी त्याने ते वाक्य निकियसच्याच तोंडी घातलं. काय हा खवचटपणा!

संवादाच्या शेवटी व्याख्या सापडत नाही. आपल्यालाच गुरू शोधायला हवा, असं सॉक्रेटिस म्हणतो. म्हाताऱ्या बापांपैकी एक त्याला सांगतो, उद्या सकाळी घरी ये.

भाचीला मी एवढं सगळं सांगितलं. कागद अजून माझ्याच टेबलावर आहे.