रेकॉर्डर मध्येच विझला तेव्हा

कार्यक्रम रंगात आला होता, आठ ट्रॅक चालू होते आणि कुणाचा तरी पाय वायरीत अडकला. बॅटरीचा प्लग निघाला, रेकॉर्डर विझला. पुन्हा चालू केला तर यादीत फाइल होती, पण लांबी शून्य सेकंद.

कार्ड लगेच काढून त्याची लॉकची पट्टी सरकवली. संगणक ‘दुरुस्त करू का?’ विचारतो, त्याला नाहीच म्हणायचं. अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली आणि पुढची सगळी खुडबूड त्या प्रतीवर केली.

बरेच रेकॉर्डर आवाज कार्डावर लिहीत जातात, पण तो एकूण किती आहे हे वेव्ह फाइलच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या भागात, फाइल बंद करतानाच भरतात. फाइलचा आकार मोठा दिसत होता, म्हणजे आवाज आत होता. फाइलमधले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये ६४ ६१ ७४ ६१ सापडलं, म्हणजे ‘data’ या खुणेची चार इंग्रजी अक्षरं. आवाज त्यानंतर सुरू होतो. त्यापुढे आकाराच्या जागी चार बाइट, चारही शून्य.

मग ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ डेटा म्हणून, म्हणजे हेडर न वाचता, फाइल उघडली: २४ बिट, लिटल एंडियन (कमी किमतीचा बाइट आधी), ८ चॅनेल, ४८,००० हर्ट्झ. आधी नुसता खरखराट. एक सॅम्पल, म्हणजे एका क्षणाचं आवाजाचं माप, ३ बाइटांचं, त्यामुळे सुरुवात एका बाइटने हुकली तरी सगळं बिघडतं. तीन बाइटांनी हुकली तर जास्त वाईट: आवाज स्वच्छ येतो, पण ट्रॅक एक घर सरकतात आणि तबल्याच्या जागी गायक ऐकू येतो. ते चार शून्य बाइट ओलांडून नेमकी जागा दिली, तेव्हा आठही ट्रॅक जागच्या जागी आले. शेवटचे काही सेकंद मात्र गेलेच. ते बफरमधून, म्हणजे रेकॉर्डरच्या तात्पुरत्या साठ्यातून, कार्डापर्यंत पोचलेच नव्हते.

दोन कार्डांवर एकदम रेकॉर्ड करा, असं सगळेच सांगतात. मीही करतो, कार्ड खराब झालं तर उपयोग होतो. पण वीज गेली की दोन्ही फाइली उघड्याच राहतात. ३२ बिट फ्लोट हा रेकॉर्डिंगचा प्रकारही आवाज फाटण्यापासून वाचवतं, प्लग निघण्यापासून नाही. म्हणून आता बाहेरच्या बॅटरीसोबत रेकॉर्डरच्या आतही भरलेली बॅटरी असते, एक गेली की दुसरी आपोआप लागते. माइकला केबलमधून दिली जाणारी ४८ व्होल्ट फँटम पॉवर चालू असेल तर आतली बॅटरी भराभर उतरते, तेवढं धरून चालायचं.

शिवाय फाइल लांबू देत नाही. याच सेटिंगवर आठ ट्रॅकची एकत्र फाइल वेव्ह फाइलच्या ४ जीबीच्या मर्यादेला साधारण ६२ मिनिटांनी पोचते. तोवर ती उघडी ठेवणं मला पटत नाही. टाळ्या ओसरून निवेदक बोलायला लागला की नवी फाइल सुरू करतो.