मिनिमम भरलं, मग व्याज कशाचं?

अमळनेरच्या मोबाईलच्या दुकानात एक दादा क्रेडिट कार्डाच्या बिलाचा मेसेज दाखवून विचारत होते, "मिनिमम भरी टाकं ना भाऊ, मंग हाई व्याज कसानं?"

दुकानदार म्हणाला, "बँकवाल्यांचं काही खरं नाही." पण यात बँकेने काही लपवलेलं नसतं.

मिनिमम म्हणजे बिलात दिलेली कमीत कमी भरायची रक्कम. ती भरल्याने लेट फी टळते. पण व्याज लागतंच, तेही देय तारखेपासून नाही, खरेदीच्या दिवसापासून.

समजा ५ तारखेला ३०,००० चा फ्रिज घेतला, २० ला बिल आलं, पुढच्या १० ला मिनिमम १,५०० भरले. महिना साडेतीन टक्के धरा. पुढच्या बिलात व्याज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून सुमारे १,८०० येतात. भरलं त्यापेक्षा जास्त वाढलं! वर सगळी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा, पेट्रोल, सगळं पहिल्या दिवसापासून व्याजावर.

कार्डाने एटीएममधून पैसे काढायचं तर नावच नको. तिथे बिनव्याजी दिवस नसतातच, शिवाय काढायची फी वेगळी.

ऑटो-डेबिट, म्हणजे बिलाचे पैसे खात्यातून आपोआप कापले जाणं, लावलं असेल तर ॲप उघडून बघा. तिथे दोन पर्याय असतात, पूर्ण रक्कम आणि मिनिमम. बऱ्याच जणांचं न कळत मिनिममवर असतं.

आणि पडून असलेलं कार्ड बंद करायला लेखी विनंती द्या. बाकी शून्य असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड द्यावा लागतो.

तुमचं ऑटो-डेबिट कशावर आहे?