आमची वाटचाल : वंशावळीच्या कागदापासून स्वॅबच्या पाकिटापर्यंत

सांगलीच्या गावभागात, जुन्या वाड्याच्या माडीवर, २०१३ साली आम्ही पर्शियन मांजरांच्या पैदाशीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा दोन माद्या, चार पिंजरे आणि भरपूर हौस एवढेच आमचे भांडवल होते. मी मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी करीत होते आणि माझ्या यजमानांची मार्केट यार्डात हळदीची अडत होती. त्यामुळे घर मांजरांवर चालत नव्हते, मांजरेच घरावर चालत होती.

पुढच्या वर्षी एका मोठ्या शहरातून आम्ही वर्षाचा पांढराशुभ्र नर आणला. त्याच्याबरोबर तीन पिढ्यांच्या वंशावळीचा शिक्कामोर्तब केलेला कागद होता आणि तो आम्ही चौकट करून भिंतीवर लावला. माझे सासरे मूळचे आटपाडीकडचे, खिलार जनावरांच्या बाजारात उभे आयुष्य गेलेले. त्यांनी तो कागद लांबूनच पाहिला आणि म्हणाले, “सूनबाई, वळू घेताना आम्ही त्याच्या आईच्या गोठ्यात जाऊन येतो. तुम्ही नुसती नावं वाचून आलात.” मी रोज लोकांच्या रक्ताचे अहवाल तयार करणारी बाई, पण मांजराचाही असा काही अहवाल मागायचा असतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी वाड्यात शिरले, तेव्हा मांजरे टोपल्यांतून विश्रामबागेत नेता आली, पण कोणते पिल्लू कोणाच्या घरी गेले याची नोंदवही तळमजल्यावर भिजून गेली. त्याच वर्षी दिवाळीनंतर तो नर सारखे पाणी पिऊ लागला आणि अंगाने वाळत गेला. आमच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, तेव्हा दोन्ही मूत्रपिंडे पाण्याने भरलेल्या लहानमोठ्या गाठींनी व्यापलेली दिसली.

पर्शियन जातीत हा आजार इतका जुना आहे की काही देशांतल्या पाहण्यांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मांजरांत तो आढळला होता. त्यामागचा जनुकीय दोष कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००४ मध्ये शोधून काढला, म्हणजे आमचा नर जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून त्याची चाचणी उपलब्ध होती. हा दोष प्रभावी प्रकारचा आहे. आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, आणि असा नर वापरला की त्याच्या पिल्लांपैकी सरासरी निम्म्यांत तो उतरतो. दोन्हीकडून दोष आलेला गर्भ मात्र जगतच नाही, म्हणून आजारी मांजराजवळ त्या जनुकाची एक प्रत नेहमी निर्दोष असते. लक्षणे दिसेपर्यंत मांजर प्रौढ होऊन दोन-चार वेळा व्यालेले असते, ही यातली खरी गोम आहे.

आठवणीतून आणि जुन्या फोनमधून शोधत आम्ही अकरा घरांपर्यंत पोहोचलो. बाकीची घरे आजतागायत सापडलेली नाहीत. विट्याचे एक गृहस्थ रागावले, “आमचं मांजर ठणठणीत आहे, तुम्ही कशाला घाबरवता?” तासगावच्या एका शिक्षिकेने मात्र शांतपणे विचारले की आता नेमके काय करायचे. त्या नराच्या ज्या दोन मुली आम्ही पैदाशीसाठी ठेवल्या होत्या, त्या दोघींतही दोष निघाला आणि दोघींची नसबंदी केली. वर्षभर आमच्याकडे एकही वेत झाले नाही.

तेव्हापासून गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब घेतल्याशिवाय आमच्याकडे नर-मादी एकत्र येत नाहीत. करोनानंतर स्वॅब म्हणजे काय हे ग्राहकांना सांगावे लागत नाही, एवढी एक सोय झाली. पिल्लाचा नमुना घ्यायचा तर त्याला थोडा वेळ आईपासून दूर ठेवावे लागते, नाहीतर दुधाबरोबर आईच्या पेशी काडीवर येतात. काडी सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालावी लागते, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल राहून बुरशी धरते. पाकिटावर मी मांजराच्या मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक लिहिते. सुरुवातीला नुसती लाडाची नावे लिहीत असे आणि एकदा दोन बहिणींची पाकिटे अदलाबदल झाली. दहा वर्षे लॅबमध्ये काढलेल्या बाईला हे शोभले नाही.

नमुना पाठवणे सोपे आहे, अहवाल वाचणे अवघड. पर्शियन मांजरांतच डोळ्याच्या पडद्याचा एक आजार आहे, ज्यात पिल्लाची दृष्टी साधारण चौथ्या महिन्यापर्यंत जाते. पण हा दोष अप्रभावी असल्याने दोन्ही पालकांकडून आला तरच पिल्लू आंधळे होते. एकच प्रत असलेले वाहक मांजर आयुष्यभर निरोगी राहते. त्यामुळे मूत्रपिंडाचा दोष असलेले जनावर पैदाशीतून काढायचे, आणि डोळ्याच्या दोषाचे वाहक मात्र पूर्णपणे निर्दोष जोडीदाराशीच जुळवून त्याची निर्दोष पिल्ले पुढे ठेवायची, असे वेगवेगळे निर्णय एकाच कागदावरून घ्यावे लागतात. आमच्या भागात पर्शियनचे चांगले नर मुळात मोजके आहेत. प्रत्येक वाहकाला सरसकट बाद केले तर उरलेली मांजरे एकमेकांची चुलत-मावस भावंडेच निघतील.

याउलट काही अहवाल दिसायला भारदस्त आणि उपयोगाला शून्य असतात. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराचा एक जनुकीय दोष २००५ मध्ये मेन कून जातीत आणि दुसरा २००७ मध्ये रॅगडॉल जातीत सापडला. त्यांच्या चाचण्या त्या-त्या जातीपुरत्याच अर्थपूर्ण आहेत. पर्शियन मांजराच्या अहवालावर ‘हृदय निर्दोष’ असे छापून जास्तीचे पैसे मागणारे विक्रेते मी पाहिले आहेत. मेन कूनमध्येसुद्धा चाचणी निर्दोष आली म्हणून हृदय कायम चांगलेच राहील असे नाही. त्यासाठी ठरावीक काळाने इकोच करावा लागतो.

२०२१ मध्ये ब्रिटिश शॉर्टहेअर आणल्यावर आम्हांला रक्तगटाचा धडा मिळाला. पहिल्या वेतातली तीन धष्टपुष्ट पिल्ले दोन दिवसांत गेली. आई ‘बी’ गटाची, पिल्ले ‘ए’ गटाची, आणि चिकाच्या दुधातून गेलेल्या प्रतिद्रव्यांनी पिल्लांच्या तांबड्या पेशी फोडल्या होत्या. आता जुळवणीआधी डॉक्टर दोघांचा रक्तगट तपासतात आणि अशी जोडी शक्यतो लावतच नाही. चुकून लागलीच, तर पहिले चोवीस तास पिल्ले आईपासून वेगळी ठेवून बाटलीने दूध पाजतो.

दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्डची मागणी दर महिन्याला येते आणि आम्ही ती नाकारतो. तो कान ज्या दोषामुळे दुमडतो, त्यामुळेच सांध्यांची हाडे आणि कूर्चा बिघडतात. जिथे आजार हेच जातीचे लक्षण आहे, तिथे चाचणी करून काय निवडणार?

सध्या वर्षाला चार-पाच वेतांच्या वर आम्ही जात नाही. सांगली, मिरज आणि कोल्हापूरचे काही पैदासकार जुळवणीआधी स्वॅब घ्यायला आणि आलेला अहवाल समजून घ्यायला येतात, आणि त्या कामाचे उत्पन्न आता पिल्लांच्या विक्रीच्या बरोबरीला येत चालले आहे. विट्याचे ते गृहस्थही गेल्या वर्षी नव्या मांजरीचा अहवाल घेऊन आले. जुन्या मांजराविषयी ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. तासगावच्या शिक्षिकेच्या मांजरीची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते. तिचा खर्च आम्ही देतो आणि तो आमच्या जमाखर्चाच्या वहीत त्या पांढऱ्या नराच्याच नावे लिहिला जातो.