ग्रीन स्लिप घेतली, पण गाडीचा विमा राहिलाच होता

सिडनीत आम्ही आठ वर्षं जुनी कोरोला घेतली, तेव्हा तिचा रेजो संपायला पाच आठवडे होते. रजिस्ट्रेशनला इथे सगळे रेजोच म्हणतात. जुन्या मालकाची ग्रीन स्लिप, म्हणजे इथला सक्तीचा विमा, गाडीबरोबर आमच्याकडे आली, म्हणून सुरुवातीला काही करावं लागलं नाही. मग नूतनीकरणाची नोटीस आली.

गाडी पाच वर्षांहून जुनी, त्यामुळे आधी तपासणी, म्हणजे पिंक स्लिप. मेकॅनिकनं मला खाली वाकायला लावून मागच्या टायरच्या खाचेत बोट फिरवायला सांगितलं. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून अगदी त्यांच्या पातळीला आला होता. दोन टायर बदलले आणि गाडी पास झाली.

आता ग्रीन स्लिप. ती असल्याशिवाय न्यू साउथ वेल्समध्ये रेजो होतच नाही. सरकारी नियामकाच्या, म्हणजे सिराच्या वेबसाइटवर गाडीची आणि चालवणाऱ्यांची माहिती भरली की सगळ्या कंपन्यांचे दर एकाखाली एक दिसतात. कायद्यानं मिळणारे लाभ सगळीकडे तेच, तरी दरांत बराच फरक होता. मी स्वस्तातली घेतली, कंपनीनं ती परस्पर ऑनलाइन कळवली, मी रेजोचे पैसे भरले. झालं, असं वाटलं.

नाशिकला वर्षानुवर्षं थर्ड पार्टी भरत आले होते. तिथे समोरच्याच्या गाडीचं नुकसानही ७.५ लाखांपर्यंत त्यात येतं. ग्रीन स्लिपही तशीच, असं मी धरून चालले होते. शेजारच्या वहिनींना सहज सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, ग्रीन स्लिप फक्त माणसांसाठी. तू कुणाच्या बंपरला धडकलीस तर एक डॉलरही मिळणार नाही. त्याचा विमा वेगळा!"

तो मी त्याच संध्याकाळी घेतला. पण वहिनींनी पुढे जे सांगितलं, त्यानं ग्रीन स्लिपकडे बघायची माझी नजर बदलली. त्यांचे सासरे सांगलीहून आले असताना रस्ता ओलांडताना त्यांना एका गाडीचा धक्का लागला, गुडघा दुखावला. फिजिओथेरपीचा खर्च त्या गाडीच्या ग्रीन स्लिपमधून मिळाला. ते इथले रहिवासी नव्हते, पाहुणे होते, तरीही. १ एप्रिल २०२३ नंतरच्या अपघातांत तर चूक कुणाचीही असो, जखमीला बहुतेक वेळा ५२ आठवड्यांपर्यंत उपचारांचा खर्च आणि कमावता असेल तर बुडालेल्या पगाराचा काही भाग मिळतो. फक्त दावा वेळेत करायला हवा: तीन महिन्यांच्या आत. पगाराची भरपाई अपघाताच्या दिवसापासून हवी असेल तर २८ दिवसांत.

पुढच्या महिन्यात माझे आईबाबा येतायत. आमच्या घरासमोरचा रस्ता रुंद आहे आणि बाबांना सकाळी फिरायला जायची सवय आहे. २८ दिवसांचं मी फ्रिजवर लिहून ठेवलंय.