आठवडाभर निळं पाणी आणि मासा ठणठणीत

परवा रात्री साडेदहाला बी विंगच्या ताईंचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला, गोल्डफिश तिरका होऊन वर तरंगतोय आणि खाली एकच ओळ, "हा मेला का गं?" सोसायटीत मी आता माशांची डॉक्टरीण झालेय, म्हणजे डिग्री वगैरे काही नाही, फक्त सगळ्यात जास्त मासे माझ्या हातून मेलेत एवढंच क्वालिफिकेशन. ताईंचं काय झालं ते शेवटी सांगते, आधी माझा पहिला पेशंट.

त्याचं नाव भोपळ्या. गुटगुटीत, केशरी, नाव लेकाने ठेवलेलं. दोन फुटी टाकीत तो आणि अजून एक गोल्डफिश. जानेवारीत एका सकाळी बघते तर भोपळ्याच्या गालांवर पांढरे ठिपके. झालं, व्हाइट स्पॉट, म्हणजे माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग! स्टेशनजवळच्या एका दुकानात गेले, दुकानदाराने मासा न बघता, टाकी केवढी ते न विचारता निळ्या औषधाची बाटली हातात दिली, "टाका थोडं, पाणी निळं झालं पाहिजे." टाकलं. आठवडाभर टाकत राहिले. पाणी निळंशार, काचेच्या कोपऱ्यातलं सिलिकॉन निळं, माझी बोटं निळी, सासूबाई म्हणाल्या, "उजाला ओतलास का गं त्यात?" ठिपके मात्र जागचे हलले नाहीत आणि भोपळ्या मजेत खातोय, दिवसभर दुसरीच्या मागे मागे फिरतोय.

मग कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात गेले होते तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या काकांना मोबाइलवर फोटो दाखवला. ते हसायलाच लागले. म्हणाले, "अहो तो नर आहे, लग्नाला उभा राहिलाय."

खरंच. गोल्डफिशचा नर विणीच्या दिवसांत आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर असे बारीक पांढरे दाणे उठतात. जवळून बघितलं तर ते काडीवर ओळीने असतात, मोजून लावल्यासारखे. व्हाइट स्पॉट तसा नसतो, तो म्हणजे माशावर मीठ भुरभुरलंय असं दिसतं, शेपटी, पाठ, पर, कुठेही, आणि मासा दगडांना अंग घासत सुटतो, पर मिटून बसतो. हे सगळं काचेला नाक लावून पाच मिनिटं बघितलं असतं तर कळलं असतं, पण मी ठिपके बघून दुकानात पळाले.

बरं इथे संपलं असतं तर ठीक. पण ते निळं औषध, मिथिलीन ब्लू, फिल्टरमधल्या चांगल्या बॅक्टेरियांनाही मारतं. माशांच्या शी-शूतून अमोनिया होतो, हे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, नायट्रेट त्यातल्या त्यात सौम्य. आणि ही फौज नव्या टाकीत तयार व्हायला महिना-दीड महिना लागतो. माझी फौज मी आठवड्यात गारद केली होती. दहाव्या दिवशी दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतायत, कल्ले लालभडक. धडधाकट माशाला औषध देऊन मी आजारी पाडलं. मग टेस्ट किट आणलं, अमोनिया शून्य असायला हवा तिथे पट्टीचा हिरवा रंग गडदच गडद, मग रोज चौथा हिस्सा पाणी बदल, खाणं दोन दिवस बंद. भोपळ्या वाचला. दुसरी गेली. त्या दिवशी बुधवार, घरात बांगडे तळलेले होते, आणि लेक गोल्डफिशसाठी रडतोय, काय बोलणार.

खरा व्हाइट स्पॉट आला तो नंतर जुलैत, मॉली जातीचे चार मासे आणून सरळ टाकीत सोडले म्हणून. यावेळी नीट बघितलं, मीठच भुरभुरलेलं. फिल्टरमधला कार्बन काढला, कारण तो औषध शोषून घेतो, आणि व्हाइट स्पॉटचं औषध चालू केलं. तिसऱ्या दिवशी ठिपके गायब! मी खूश, औषध बंद. पाचव्या दिवशी दुपटीने ठिपके.

याचं कारण कळल्यावर मला स्वतःचाच राग आला. तो ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसलेला परजीवी, तिथे औषध पोचतच नाही. पोट भरलं की तो आपणहून गळून पडतो, खाली खड्यांना चिकटतो, कवच करून एकाचे शेकडो होतो आणि मग ती पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणजे ठिपके दिसेनासे झाले तेव्हाच खरी लढाई खाली खड्यांत चालू असते आणि मी नेमकी तेव्हा बाटली कपाटात ठेवली होती. आता मी ठिपके गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवते, आणि हिटरने पाणी हळूहळू, दिवसाला एखाद-दोन डिग्री असं ३० पर्यंत नेते, गरम पाण्यात त्याचं चक्र भराभर फिरतं म्हणून. फक्त एअर पंप जोरात ठेवायचा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो.

आणि कृपा करून टाकीचं पाणी मोजा. लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले १०००, झाले लिटर. माझी टाकी ६० बाय ३०, पाणी २५ पर्यंत, म्हणजे ४५, खडे-बिडे वजा जाता ४० धरते. मीठ घालायचं असेल तर साधं खडे मीठ, लिटरला २ ग्रॅम, म्हणजे ८० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून आणि एकदम न ओतता दोन दिवसांत थोडं थोडं. टाकीत जिवंत झाडं असतील तर ती मिठाने जातात, तेव्हा मासाच बाहेर काढून वेगळा ठेवा. आमच्याकडे वॉशिंग मशीनशेजारी एक कपड्याचा टब कायम माशांचा दवाखाना आहे, नवीन आलेला प्रत्येक मासा आधी तीन आठवडे तिथे. सासूबाईंचा विरोध आहे, चालू राहील.

अंग फुगून खवले अननसासारखे उभे राहिले तर मात्र मी फार आशा धरत नाही. बहुतेकदा तोवर आतून किडनी वगैरे गेलेली असते. मीठ-औषधाने एकदाच मासा परतलाय माझ्याकडे, बाकी गेले.

तर ताई. मी फोन केला, औषधाचं नावच काढलं नाही, विचारलं, "ताई, टाकी कधी धुतलीत?" "आज दुपारीच गं, अगदी लख्ख! खडे, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली धरून." आणि भरली? नळाच्याच पाण्याने, पूर्ण. सोसायटीची टाकी परवाच ब्लिचिंग पावडर टाकून साफ केल्याची नोटीस लिफ्टमध्ये लागलेली होती. पाण्यातला क्लोरीन घालवणाऱ्या खड्यांचं, म्हणजे अँटीक्लोरचं पाकीट टाकीखालच्या ड्रॉवरमध्ये, न फोडलेलं. रात्री अकराला घरच्या कपड्यांवरच गेले, पाकिटावर लिहिल्याप्रमाणे खडे विरघळवून टाकले, पंप फुल केला, लाइट बंद केला आणि माझ्या फिल्टरमधला अर्धा मळका स्पंज, त्यातल्या चांगल्या बॅक्टेरियांसकट, कापून त्यांच्या फिल्टरमध्ये बसवला. ताई म्हणाल्या, "ई, एवढा घाण?"

सकाळी सातला मेसेज. "सरळ पोहतोय. खायला मागतोय. देऊ का?"

आज नको, उद्या चार दाणे.