योझेफ बॉइस यांच्या शिकवण्याच्या वाटेवर: क्लेवे ते कासेल

जर्मन शिल्पकार आणि कलाशिक्षक योझेफ बॉइस यांचे काम पाहण्यासाठी गेल्या उन्हाळ्यात मी ऱ्हाईन नदीच्या खालच्या खोऱ्यापासून कासेलपर्यंत प्रवास केला. शिक्षक असणे हीच आपली सर्वांत मोठी कलाकृती आहे, असे ते १९६९ मध्ये एका मुलाखतीत म्हणाले होते. त्यांच्या वस्तू बर्लिनपासून श्टुटगार्टपर्यंत अनेक संग्रहालयांत आहेत. पण त्या विधानाचा अर्थ ज्यांना लावायचा आहे त्यांनी क्लेवे, ड्युसेलडॉर्फ, डार्मश्टाट आणि कासेल ही चार गावे याच क्रमाने पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन.

बॉइस यांचा जन्म १९२१ मध्ये क्रेफेल्डला झाला आणि बालपण नेदरलंडच्या सीमेलगतच्या क्लेवे येथे गेले. ड्युसेलडॉर्फहून क्लेवेला थेट प्रादेशिक रेल्वे जाते. तिथे जुन्या आरोग्यस्नानगृहाच्या इमारतीत आता कुरहाउस संग्रहालय आहे, आणि १९५७ ते १९६४ या काळात बॉइस ज्या जागेत काम करत असत ती कार्यशाळाही तिथे पाहता येते. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मन हवाई दलात होते आणि मार्च १९४४ मध्ये क्रिमियात त्यांचे विमान कोसळले. तिथल्या तातार लोकांनी आपल्याला चरबी माखून, नमद्यात (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडात) गुंडाळून वाचवले, असे ते पुढे सांगत असत. लष्करी नोंदींनुसार मात्र जर्मन शोधपथकाला ते सापडले आणि त्यांना लगेच लष्करी इस्पितळात हलवण्यात आले. ही तफावत ठाऊक करून घेऊनच त्यांच्या कलाकृतींतल्या नमद्याकडे आणि चरबीकडे पाहावे. त्यामुळे त्या वस्तूंचे वजन कमी होते असे मला वाटले नाही. उलट युद्धात सामील असलेला एक माणूस आपल्या भूतकाळाला कोणते रूप देऊ पाहत होता, हा अधिक अवघड प्रश्न समोर येतो.

क्लेवेजवळ बेडबुर्ग-हाउ येथे मॉयलांड किल्ल्यातील संग्रहालय आहे. फान डेर ग्रिंटन बंधूंनी बॉइस यांची चित्रे आणि रेखाटने फार लवकर गोळा करायला सुरुवात केली आणि १९५३ मध्ये स्वतःच्या घरी त्यांचे प्रदर्शनही भरवले. तो संग्रह आता या किल्ल्यात आहे. क्लेवेहून बस मिळते, मात्र सुटीच्या दिवशी फेऱ्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवावी.

ड्युसेलडॉर्फची कला अकादमी ऱ्हाईनच्या काठापासून जवळच आहे. बॉइस इथेच शिल्पकार एवाल्ड माटारे यांच्या हाताखाली शिकले आणि १९६१ मध्ये इथेच शिल्पकलेचे प्राध्यापक झाले. ब्लिंकी पालेर्मो, इमी क्नोबेल, काटारीना झीव्हरडिंग आणि यॉर्ग इमेनडॉर्फ हे त्यांचे विद्यार्थी. प्रवेश मागणाऱ्या कोणालाही नाकारू नये, ही त्यांची भूमिका होती. १९७१ मध्ये अकादमीने नाकारलेल्या १४२ अर्जदारांना त्यांनी आपल्या वर्गात घेतले; पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांसह अकादमीच्या कार्यालयात ठाण मांडल्यावर राज्याचे तत्कालीन मंत्री योहानेस राउ यांनी त्यांना सेवेतून काढून टाकले. हा खटला सहा वर्षे चालला आणि १९७८ मध्ये कासेलच्या संघीय कामगार न्यायालयाने बडतर्फी बेकायदेशीर ठरवली. तडजोडीत त्यांना प्राध्यापक ही पदवी आणि अकादमीतील खोली क्रमांक ३ वापरण्याचा हक्क मिळाला. याच खोलीच्या कोपऱ्यात त्यांनी १९८२ मध्ये कलाकृती म्हणून पाच किलो लोणी लावले होते. जानेवारी १९८६ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर काही महिन्यांनी ते साफसफाईत काढून टाकण्यात आले, आणि ज्यांना ते दिले होते त्या त्यांच्या विद्यार्थ्याला राज्याने ४०,००० मार्क भरपाई दिली. अकादमी चालू शिक्षणसंस्था आहे, त्यामुळे एरवी बाहेरूनच पाहावी लागते. फेब्रुवारीच्या सुमारास विद्यार्थ्यांच्या कामाचे वार्षिक प्रदर्शन भरते तेव्हा वर्ग सर्वांसाठी खुले असतात, आणि जमल्यास त्याच सुमारास जावे.

ड्युसेलडॉर्फमध्ये असताना जवळच्या मेरबुशमधील ब्युडरिश चुकवू नये. जुन्या चर्चच्या उरलेल्या मनोऱ्यात युद्धातील मृतांसाठी बॉइस यांनी १९५९ मध्ये पूर्ण केलेले स्मारक आहे: मृतांची नावे कोरलेले ओकचे दार आणि आत टांगलेला ओकचाच क्रूसासारखा आकार. बॉइस म्हणजे केवळ नमदा आणि चरबी, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना सुतारकामाची ही शिस्त पाहून आश्चर्य वाटेल.

डार्मश्टाट फ्रांकफुर्टपासून रेल्वेने जवळ आहे. हेसेन राज्य संग्रहालयातील सात खोल्या बॉइस यांनी १९७० पासून स्वतःच्या हाताने मांडल्या आणि वेळोवेळी बदलल्या. काचेच्या पेट्यांमधल्या वस्तू प्रथमदर्शनी अडगळीसारख्या वाटतात. घाईने फिरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आउशविट्झ या नाझी छळछावणीवरील पेटीसमोर तरी थांबावे. इमारतीच्या दुरुस्तीच्या काळात भिंतींवरचे जुने तागाचे कापड आणि जमिनीवरचा गालिचा काढण्यात आला, त्यावर बराच वाद झाला. मलाही तो बदल खटकला, कारण मांडणीइतकीच ती जागाही बॉइस यांच्या कामाचा भाग झाली होती.

कासेल शेवटी ठेवण्याचे कारण असे की, सर्वांना वर्गात घेण्याचा त्यांचा आग्रह तिथे एका शहरभर पसरलेला दिसतो. १९८२ च्या सातव्या डोकुमेंटा या समकालीन कलेच्या प्रदर्शनासाठी, '७,००० ओक' नावाच्या कामात, त्यांनी फ्रीडेरिसियानुम या संग्रहालयासमोर बेसॉल्टचे ७,००० स्तंभ रचले; एक झाड लावले की ढिगातला एक दगड त्या झाडाशेजारी उभा करायचा, असा नियम होता. एका झाडासाठी ५०० मार्क देणगी घेतली जाई, आणि जागा ठरवण्यात रहिवासी, शाळा व संस्था सहभागी झाल्या. चौकातल्या दगडांच्या राशीला आरंभी विरोधही झाला. पहिला ओक बॉइस यांनी १९८२ मध्ये लावला. शेवटचे झाड त्यांच्या निधनानंतर, १९८७ मध्ये त्यांच्या मुलाने लावले, आणि ही दोन्ही झाडे फ्रीडेरिसियानुमसमोर शेजारी-शेजारी आहेत. नावात ओक असले तरी लिंडन, अ‍ॅश, चेस्टनट असे इतर वृक्षही त्यांत आहेत. रोप लावले तेव्हा दगड त्याच्यापेक्षा भरभक्कम दिसत असे. आज दगड तेवढाच आहे आणि झाडे इमारतींच्या उंचीला पोहोचली आहेत. ही झाडे निवासी गल्ल्यांत पाहावीत, कारण तिथे मुले दगडांवर बसतात आणि लोक त्यांना सायकली टेकवून ठेवतात. त्यासाठी चालण्याचे बूट आणि जवळपास पूर्ण दिवस लागतो. मे ते ऑक्टोबर हा काळ उत्तम.

खर्चाच्या दृष्टीने महिन्याचे डॉइचलांड-तिकीट सोयीचे पडते: ते प्रादेशिक रेल्वे, बस आणि ट्राम यांवर चालते, वेगवान आयसीई गाड्यांवर चालत नाही. ते वर्गणी पद्धतीचे असल्याने महिन्याच्या दहा तारखेच्या आत रद्द केले नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात. जर्मनीतील बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार कासेलच्या झाडांसाठी ठेवावा आणि तिथल्या नॉए गालेरी या कलासंग्रहालयासाठी मंगळवारी थांबावे. बर्फावरच्या चोवीस घसरगाड्या ओढणारी बॉइस यांची फोक्सवागन बस तिथेच आहे. पुढचे डोकुमेंटा १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७ या काळात आहे. त्या दिवसांत जाणाऱ्यांनी राहण्याची जागा कित्येक महिने आधी नक्की करावी.